शब्दांचा रहिवासी दाखला

आपल्याकडे एखाद्याचं डोकं ठिकाणावर नाही असं सुचवायचं असलं, की त्याला गावाला पाठवायची पद्धत आहे. कोणत्या गावाला, ते बोलणारा कुठला आहे यावर ठरतं. पुणेकर म्हणतो, ‘येरवड्याला न्या याला.’ मुंबईकर म्हणतो, ‘ठाण्याला भरती करा.’ कोकणातला माणूस रत्नागिरीचं नाव घेतो. नागपूरकराला कुठे पाठवायची गरजच पडत नाही, सोय गावातच आहे. कारण साधं आहे. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. म्हणजे टोमणा मारतानासुद्धा मराठी माणूस आपल्या विभागाची हद्द ओलांडत नाही. पुणेरी टोमण्यात तर जादा सोय आहे. येरवड्याला मध्यवर्ती कारागृहही असल्यामुळे नेमक्या कोणत्या दारातून आत जायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पंचाईत होते ती ठाणेकराची. ‘तुला ठाण्याला पाठवायला पाहिजे’ असं त्याला रागानं सांगितलं, तर तो शांतपणे विचारतो, ‘स्लो की फास्ट?’

मनाच्या आजाराची टिंगल करू नये हे आता लोकांना पटू लागलंय, त्यामुळे हा टोमणा निवृत्तीच्या वाटेवर आहे. बोलीतले बाकीचे शब्द मात्र जोरात नोकरी करतायत. पाठ्यपुस्तकातली मराठी गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत एकच असते. पुस्तक मिटून माणूस कट्ट्यावर बसला, की तिसऱ्या वाक्याला त्याचा जिल्हा कळतो आणि पाचव्याला तालुका. प्रत्येक जिल्ह्याला आपल्या अशा खास शब्दांचा जाज्वल्य अभिमान असतो. ‘हा अस्सल आमच्याकडचा शब्द बरं का!’ हे वाक्य मी महाराष्ट्राच्या चारही कोपऱ्यांत ऐकलंय, आणि पुष्कळदा एकाच शब्दाबद्दल ऐकलंय. माझं म्हणणं एवढंच, की या शब्दांचे रहिवासी दाखले खरोखर तपासायला घेतले, तर निम्मे जिल्हे गोत्यात येतील.

उदाहरणार्थ ‘राडा’. समजा, पुण्यात एका फ्लॅटमध्ये तीन पोरं भाड्यानं राहतात. एक पुण्याजवळचा, एक लालबागचा, एक कोल्हापूरकडचा. पुण्याचा पोरगा ग्रुपवर लिहितो, ‘किचनमध्ये राडा झालाय, लवकर या.’ त्याला म्हणायचंय की कुकरची शिट्टी उडून वरण छतापर्यंत गेलंय. लालबागचा पोरगा जिन्यातूनच बाह्या सरसावत येतो, येताना खालच्या मजल्यावरची बॅटही उचलून आणतो. कारण त्याच्याकडे राडा म्हणजे हाणामारी. कोल्हापूरचा पोरगा दारातच चपला काढून पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो. त्याच्या गावात राडा म्हणजे पावसाळ्यात गोठ्यापुढे होतो तो चिखल. तिघांचंही बरोबर. चौथा अर्थ महानगरपालिकेचा. तिच्या कागदोपत्री ‘राडारोडा’ म्हणजे पाडलेल्या बांधकामाचा कचरा, आणि तो उघड्यावर टाकला तर दंड. मूळ शब्दात चिखल होता. त्या चिखलातून मुंबईनं मारामारी उचलली, पुण्यानं पसारा उचलला आणि पालिकेनं विटा उचलल्या. निदान कागदावर तरी उचलल्या.

मिसळीच्या रश्श्याचंही तेच. कोल्हापुरात तो ‘कट’, पुण्यात ‘सॅम्पल’, नागपुरात पोह्यांवर पडला की ‘तर्री’. यातला ‘सॅम्पल’ हा शब्द मला फार पुणेरी वाटतो. सॅम्पल म्हणजे नमुना, आणि नमुन्याचे पैसे कसे घेणार? पुणेकरानं एका इंग्रजी शब्दात वाटीभर रस्सा वाचवला.

नागपूरचा अभिमान ‘बे’मध्ये साठलेला आहे. पुण्यात अनोळखी माणसाला ‘काय बे’ म्हटलं, तर पुढची पाच मिनिटं तुमच्या संस्कारांवर बोललं जाईल. नागपुरात मित्राशी ‘बे’ न लावता बोललात, तर तो काळजीनं विचारतो, ‘नाराज आहे काय बे?’ पण हा शब्द आपलाच आहे असं सोलापूरही छातीठोकपणे सांगतं, आणि ‘काय की बे’ म्हणून पुरावाही देतं. दोन शहरांत पाच-सहाशे किलोमीटरचं अंतर. भांडण मिटवायला गेलं तर निघतं असं, की ‘बे’ हा हिंदी-दखनीतल्या ‘अबे’चा शेपटाकडचा तुकडा आहे. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे हिंदी तिथे पाहुणी म्हणून आली नव्हती, ऑफिसला यायची. सोलापूरच्या एका अंगाला निजामाचा मुलूख, आणि गावात तेलुगू विणकर, कन्नड व्यापारी. दोन्ही गावांनी एकच तुकडा आपापल्या दारानं घरात घेतला आणि त्यावर आपलं आडनाव लावलं.

हिंदीच्या त्याच सहवासातून नागपुरी मराठीला ‘राहिलो’ मिळालं. बाकी महाराष्ट्र ‘करतोय’ म्हणतो, नागपूर ‘करून राहिलो’ म्हणतं. या रचनेची ताकद फोनवर कळते.

‘कुठं हायेस बे?’

‘येऊन राहिलो ना बे.’

‘घरून निघाला का?’

‘निघून राहिलो.’

‘आंघोळ झाली?’

‘हाव ना राजेहो, करूनच राहिलो!’

या संवादात खोटं एक अक्षर नाही. सगळ्या क्रिया चालू आहेत. फक्त माणूस अजून पलंगावर आहे. पुणेकराला याच परिस्थितीत ‘पाच मिनिटांत पोचतो’ अशी सरळ थाप मारावी लागते. नागपूरकराचं काम व्याकरण करतं.

मूर्ख या अर्थाच्या शब्दांचा तर जिल्हावार नकाशा काढता येईल. विदर्भात ‘भैताड’ आणि ‘बह्याड’, मुंबईत ‘येडा’, गोव्यात ‘पिसो’, कोल्हापुरात ‘खुळा’. नीट ऐकलं तर प्रत्येकात वेगळा मूर्ख दिसतो. भैताड नुसता उभा असतो, त्याला आपण का उभे आहोत तेही माहीत नसतं. येडा काहीतरी करून बसलेला असतो. पिसो स्वतःच्या आनंदात असतो. खुळ्याचं भाग्य मात्र सगळ्यात मोठं. कोल्हापूरकरानं त्याच्याआधी ‘नाद’ लावला आणि वेडेपणाची पदवी करून टाकली. ‘नाद खुळा’ ही जगातल्या कोणत्याही चांगल्या गोष्टीला द्यायची दाद आहे. कुस्ती नाद खुळा, तांबडा रस्सा नाद खुळा, भाच्याला दहावीत पडलेले टक्के नाद खुळा. शाळेतल्या मूर्खाला मात्र सगळीकडे एकच अक्षर पुरतं: ‘ढ’. त्याचं कारण असं सांगतात, की अशोकाच्या ब्राह्मी लिपीपासून बाकीची अक्षरं बदलत गेली. ‘ढ’ मात्र बावीसशे वर्षांत जवळपास होता तसाच राहिला. वर्ग पुढे जातो आणि तो जागचा हलत नाही. हे कारण खरं असो वा नसो, सुचलं त्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

मुळात चांगल्या शब्दाला बिघडवण्यात आपला हात कोणी धरणार नाही. ‘शहाणा’ हा शब्द घ्या. पाचव्या वर्षापर्यंत ‘शहाणा गं माझा बाळ’. त्यानंतर आयुष्यभर ‘फार शहाणा लागून गेलास’. मुंबईत त्याचा ‘श्याणा’ झाला की समोरच्यानं हात उगारलाच असं समजावं. ‘आगाऊ’ रक्कम दिली तर पावती मिळते, पोरगं ‘आगाऊ’ निघालं तर फटका मिळतो. मोती टपोरे असतात, कळ्याही टपोऱ्या असतात, आणि नाक्यावर मात्र ‘टपोरी’ उभा असतो.

नात्यांचीही सुटका नाही. ‘दादा’ म्हणजे मोठा भाऊ. त्याला फारसीतली ‘गिरी’ चिकटली आणि तो गल्लीकडून हप्ता मागू लागला. ‘भाई’ पिस्तूल बाळगू लागला. त्या पिस्तुलालाही ‘घोडा’ म्हणायचं, म्हणजे लहान मुलांपुढे बोलता येतं. ‘मामा’ एकीकडे चौकात शिट्टी वाजवणारा पोलीस, तर दुसरीकडे ज्याला सगळ्यांनी मिळून बनवलं तो. ‘अण्णा’ इडली-वड्याच्या गल्ल्यावर बसला. साधी वेणी आणि जुन्या फॅशनचा पंजाबी ड्रेस घातला म्हणून कॉलेजातल्या मुलीची ‘काकूबाई’ झाली. आपल्या अपशब्दांची यादी केली तर ती लग्नाच्या आहेराच्या यादीशी जुळेल.

प्रेमाचं म्हणाल तर ते व्यक्त करायला आपल्याला मरण लागतं. सिंधुदुर्गात बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मित्राचं स्वागत ‘मेल्या, खंय होतंस?’ असं होतं. हाक जितकी मोठी तितका जिव्हाळा जास्त. घाटावरच्या आज्या नातवाच्या मागे भाकरीचा तुकडा घेऊन धावताना ‘तुझा मुडदा बशिवला’ म्हणतात. म्हणजे आधी जेव आणि मग बस. मालवणी शिव्यांचा मुकुटमणी ‘आवशीचो घो’. हा उच्चारला की बाहेरच्या माणसाचे कान लाल होतात. आता आऊस म्हणजे आई आणि घो म्हणजे नवरा. आईचा नवरा. हा सद्गृहस्थ म्हणजे ज्याला शिवी दिली त्याचा बाप! समोरच्याच्या वडिलांचं इतकं कायदेशीर वर्णन दुसऱ्या कोणत्या शिवीत नसेल. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ घेऊन मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली मुंबईच्या रंगभूमीवर आणली. तेव्हापासून घाटावरच्या माणसालाही ही बोली हसत हसत कळू लागली. तरी 2010 साली ‘शिक्षणाच्या आयचा घो’ नावाचा चित्रपट आला, तेव्हा नुसत्या नावावरून गदारोळ झालाच. शिवीचा अर्थ कळला तर राग येत नाही. राग येतो तो अर्थ कळला नाही म्हणून.

देशावरची ‘च्यायला’ याच्या उलट टोकाची. ‘तुझ्या आईला’ इतकं म्हणून हे वाक्य थांबतं. आईला काय? नमस्कार सांग? बरं वाटलं का? क्रियापद आजवर कोणी ऐकलेलं नाही. ते दोघांनी आपापल्या मनात भरून घ्यायचं असतं. अर्धं वाक्य बोलून पूर्ण समाधान मिळवून देणारी शिवी मराठी काटकसरीला शोभते.

आता मुंबई. इथे दाखले तपासणारा तहसीलदार चक्कर येऊनच पडेल. ‘पंटर’ हा भाईचा माणूस; तो मुळात इंग्रजीत घोड्यांच्या शर्यतीत पैसे लावणारा ‘पंटर’. शर्यत सुटली, घोडे गेले, माणूस नाक्यावर राहिला. ‘लोचा’ गुजरातीतून आला. गुजरातीत ‘लोचो’ म्हणजे गडबड, घोटाळा. सुरतेत याच नावाचा डाळीच्या पिठाचा एक वाफाळता पदार्थ मिळतो. खमण करताना कुणाचा तरी घोटाळा झाला आणि तो लोकांना आवडला, असं तिथले लोक कौतुकानं सांगतात. सुरतेत बिघडलेलं काम प्लेटमध्ये मिळतं, त्यावर शेव आणि तेल घालून. तोच शब्द मुंबईला आला आणि 2006 साली सिनेमातल्या मुन्नाभाईच्या डोक्यात ‘केमिकल लोचा’ होऊन देशभर गेला.

‘पेटी’ म्हणजे लाख आणि ‘खोका’ म्हणजे कोटी हे गुन्हेगारी जगाचं अंकगणित एकेकाळी फक्त वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचायला मिळायचं. 2022 च्या पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांची घोषणा दिली आणि हा शब्द पहिल्या पानावर, तिथून बारशाच्या आणि वाढदिवसाच्या भाषणांत गेला. आता किराणा दुकानदाराला ‘रिकामे खोके आहेत का?’ असं विचारायलाही माणूस दबकतो. पण पैशाचं बोलणं झाकून बोलण्याचा मान गुंडांना देऊ नये. आपल्या पेठांतले व्यापारी आणि दलाल पूर्वीपासून गिऱ्हाइकासमोर नंदभाषा बोलत आले. तिच्यात पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच, पवित्र म्हणजे सात. समोर पागोटं सावरत बसलेल्या गिऱ्हाइकाला काय लावायचं, ते त्याच्या तोंडावर ठरायचं आणि तो बिचारा ‘पवित्र’ ऐकून हात जोडायचा. शाळेतली पोरंही काही कमी नाहीत. ‘च’च्या भाषेत ‘कुठे’चं ‘चठेकु’ करून ती आईसमोर सिनेमाचा बेत ठरवतात. त्यांना कळत नाही, की आईही त्याच शाळेत होती.

पोरांवरून विटीदांडू आठवला. विटी किती लांब गेली ते मोजताना गावोगावची मुलं ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ म्हणत आली. याहून अस्सल मराठमोळं काय असणार? तर हे तेलुगू आकडे आहेत: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु. मातीतला खेळ आमचा, मोजमाप आंध्राचं. नशीब, तेव्हा कुणी पोरांना आधी शब्दकोश बघून मग विटी मारायला सांगितलं नाही.

बाहेरून आलेल्यांचा हिशेब मांडला, तसा आपल्याकडून गेलेल्यांचाही मांडावा. हैदराबादच्या दखनीत नकार द्यायचा असला की ‘नक्को’ म्हणतात. ते आपलं ‘नको’च आहे, बिर्याणी खाऊन थोडं जड झालेलं. तिथलं ‘ऐसाच’ आणि मुंबई हिंदीतलं ‘अपुनइच’ यातला ‘च’ आपला. नुसतं एक अक्षर आपण निर्यात केलं आणि अख्ख्या शहराच्या हिंदीला त्यावाचून चालेना. ‘वाट लावणे’ ही तर आपली राष्ट्रीय कामगिरी. आपण पाहुण्यांना वाटेला लावत होतो. हिंदीनं शब्द उचलला आणि आता देशभर कुणाची ना कुणाची वाट लागत असते.

दोन शब्दांनी तर थेट दिल्ली गाठली. अनिल कपूर यांचं नाव, आवाज आणि छबी कुणी परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरू नये, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2023 मध्ये दिला. त्यात ‘झकास’ही होता. पुढच्या मे महिन्यात जॅकी श्रॉफ त्याच न्यायालयात गेले आणि त्यांच्या यादीत ‘भिडू’ होता. फसवेगिरी करणाऱ्यांना चाप बसावा हे रास्तच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘झकास’ आमच्याकडे पुरणपोळीवर तुपाची धार धरताना तोंडातून निघतो. ‘भिडू’ तर हुतुतूच्या मैदानातला. संघ पाडताना पहिल्यांदा उच्चारायचा शब्द, आणि तोही ‘हा भिडू आम्हाला नको’ अशा वाक्यात. आमच्या आळीत लंगडीच्या खेळात शेवटपर्यंत कुणी न घेतलेला भिडू पुढे दिल्लीच्या वकिलांनी घेतला, याचा मला वैयक्तिक आनंद आहे. कारण तो भिडू पुष्कळदा मीच असे.

आता ‘अस्सल’चं काय? ‘अस्सल कोल्हापुरी’, ‘अस्सल वऱ्हाडी’, ‘अस्सल मालवणी’ या पाट्यांवरचा पहिला शब्द अरबीतल्या ‘असल’वरून आलेला आहे. आपल्या खरेपणाची ग्वाही द्यायलाही आपण शिक्का बाहेरून मागवलाय. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. महाराष्ट्रात रहिवासी दाखल्याला 15 वर्षांचं वास्तव्य पुरतं. ‘बे’, ‘पंटर’, ‘लोचा’ यांची पिढ्यान् पिढ्यांची भाडेपावती आहे. ते इथलेच. उलट शुद्ध म्हणून आपण जे शब्द कारखान्यात तयार करतो, त्यातले पुष्कळसे एका शासननिर्णयातून दुसऱ्या शासननिर्णयात जातात. वाटेत त्यांना एकही माणूस भेटत नाही.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या संध्याकाळी माझ्या फोनवर आनंदाचे जे संदेश कोसळले, त्यांत अभिजात शब्द एकच होता, तो म्हणजे ‘अभिजात’. बाकी सगळीकडे ‘लई भारी’, ‘जगात भारी’, ‘विषय हार्ड’. एका काकांना हे खटकलं. त्यांनी ‘निदान आज तरी शुद्ध लिहा’ असं बजावलं, आणि त्यांना उत्तर आलं, ‘काका, विषय कट!’ काकांना कुणी सांगावं, की मराठीच्या प्राचीनतेसाठी आपण ज्या ‘गाथा सप्तशती’चा दाखला देतो ती महाराष्ट्री प्राकृतातली आहे. संस्कृत नाटकांत राजे आणि पंडित संस्कृत बोलत, आणि स्त्रिया नि साधी माणसं प्राकृत. तेव्हाच्या काकांनीही नक्की नाक मुरडलं असणार.

म्हणून आजच्या पोरांच्या तोंडच्या शब्दांना हसताना जरा जपून. आणखी दोन हजार वर्षांनी मराठीला कुठला तरी नवा दर्जा हवा असेल, समिती बसेल, पुरावे गोळा होतील, आणि एकविसाव्या शतकातलं लोकवाङ्मय म्हणून अहवालाच्या पहिल्या परिशिष्टात ‘टांगा पलटी, घोडे फरार’ हे वचन छापलं जाईल. त्यावर एक विद्वान पाचशे पानांचा प्रबंध लिहून घोडे नेमके कोणत्या जिल्ह्यात फरार झाले ते सिद्ध करेल. दुसऱ्याच दिवशी बाकीच्या पस्तीस जिल्ह्यांचे आक्षेप दाखल होतील, प्रत्येकाच्या शिरोभागी एकच वाक्य: ‘घोडे अस्सल आमच्याकडचे!’